अमरत्वाचे भांडवल



रक्तबीजाची कथा आपणांस ठाऊकच आहे. त्याच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबातून नवा रक्तबीज उभा राही. आज ज्याच्याविषयी बोलायचे तो जीव इतका भयंकर नाही. तो गोड्या पाण्यातला, नखाएवढा चपटा कृमी आहे. भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातील काठांवर व बेटांवर आढळणाऱ्या या जातीचे नाव श्मिड्टिया मेडिटेरेनिया. त्याचे दोन तुकडे केले, तर डोक्याला शेपटी फुटते आणि शेपटीला मेंदूसकट नवे डोके! त्याच्या एका भाऊबंदाच्या २७९व्या अंशापासूनही पुरा कृमी होऊ शकतो, असे मॉर्गन या शास्त्रज्ञाने १८९८ साली दाखविले.

मग हा अमर म्हणावा काय? त्याच्यावर तीव्र किरणांचा मारा केला, की अंगातील विभागणाऱ्या मूलपेशी नष्ट होतात. वरून तो धडधाकट दिसतो. पण झिजलेल्या पेशींची जागा भरून निघत नाही आणि काही आठवड्यांत तो मरतो. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा मरणोन्मुख कृमींत निरोगी कृमीची एकेकच मूलपेशी सोडली. तिच्या संततीने शरीर व्यापले आणि काही कृमी वाचले!

तेव्हा त्याचे अमरत्व हे रोजच्या झिजेची रोज केलेली भरपाई होय. मूलपेशी आपल्याही शरीरात आहेत. परंतु आपल्याकडे पेशींची वाढ बेबंद झाली की कर्करोग होतो. हा कृमी मात्र हरवले तेवढेच घडवितो आणि थांबतो. ते थांबणे कसे साधते, हेच त्याच्याकडून शिकायचे आहे.