जुन्या मोटारसायकलीची जागा

घरांतील पंखा बिघडला म्हणजे मनुष्य बाजारांत जातो, दुसरा पंखा आणतो, आणि तिसऱ्या दिवशीं पहिल्या पंख्याची आठवणही कोणास राहत नाहीं. मोटारसायकलीचें तसें नाहीं. तिच्यावर बसून मनुष्य वर्षानुवर्षें त्याच त्या हालचाली इतक्या वेळां करतो कीं, अखेरीस त्या त्याच्या मनाच्या ताब्यांत न राहतां हातापायांच्या मालकीच्या होतात. म्हणून जुनी मोटारसायकल काढून नवी घेण्याचा प्रश्न केवळ पैशाचा नाहीं, आणि समजला जातो तितका केवळ मायेचाही नाहीं. त्यांत शरीराचा एक प्रश्न दडलेला आहे. विक्रेता त्याविषयीं सहसा बोलत नाहीं, आणि घेणाऱ्याला तो पहिल्या अडचणीच्या क्षणापर्यंत ठाऊक नसतो.

उदाहरणादाखल पुण्यांतील एका गृहस्थांचें घर डोळ्यांपुढें आणावें. वय बासष्ट, नोकरी संपलेली, घरांत पत्नी व मिळवती मुलगी, आणि इमारतीच्या तळमजल्यावर १९८८ सालची बुलेट. लग्नानंतर ते महाबळेश्वरास गेले तें हिच्यावर. सासऱ्यांच्या दुखण्यांत साताऱ्याच्या रात्रीबेरात्रींच्या खेपा झाल्या त्याही हिच्यावरच. गेल्या दोन पावसाळ्यांत मात्र गाडी बिनसली. सिलिंडर पूर्वींच दोनदां बोअर करून झालेला, क्लच घसरूं लागलेला, आणि किक मारतांना गृहस्थांच्या गुडघ्यांतून कळ निघूं लागलेली. मिस्त्री जुन्या ओळखीचा. तो म्हणाला, "साहेब, एंजिन पुन्हा उभं करून देतो, पण गुडघ्याचं काय करायचं?" त्या दिवशीं नवी गाडी घेण्याचें ठरलें. गृहस्थांची अट एकच होती: तशीच पाहिजे.

आतां, तशीच म्हणजे कशी? बुलेट हें नांव मूळचें इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कारखान्याचें. १९५५ सालीं त्या कारखान्याच्या सहकार्यानें मद्रासेस ही गाडी तयार होऊं लागली. पुढें मूळचा कारखाना बंद पडला, पण मद्रासचा चालूच राहिला. त्यामुळें तो जुना आराखडा थोड्याफार फरकानें जवळजवळ पन्नास वर्षें येथें टिकला. एंजिन ३४६ घन सेंटिमीटरचें. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर. धांव लांब, फिरतें चक्र जड आणि दाब बेताचा, म्हणजे ६.५ पट. अशा एंजिनाला घाई माहीत नसते. प्रत्येक स्फोट वेगळा मोजतां यावा इतक्या सावकाश तें धडधडतें. घरांतील माणसांना गाडी कोपऱ्यावर वळली हें खिडकीतून न पाहतां कळे, तें यामुळेंच.

माया आणि सोस यांचा हिशेब मात्र अशा वेळीं कोणी मांडीत नाहीं. त्या गृहस्थांना तो आवाज आवडे, ऐसपैस बैठक आवडे, घाटांत गिअर न बदलतां चढण्याचा तिचा दम आवडे. एंजिनाखालीं पुठ्ठ्याचा तुकडा टाकून तेलाचे थेंब झेलणें त्यांना आवडत नव्हतें. तें ते सोसीत होते. सकाळीं अ‍ॅमीटरचा कांटा पाहून, डिकॉम्प्रेशनची लहान दांडी दाबून, दट्ट्या बरोबर जागीं आणून मगच किक मारावयाची, नाहीं तर किक उलटून घोट्याला प्रसाद मिळावयाचा. पावसांत पॉइंट ओले झाले कीं रुमालानें पुसत रस्त्याच्या कडेला उभें राहावयाचें. हेंही सारें सोसण्यांतलेंच. पण सदतीस वर्षें सोसलेल्या गोष्टीला आवडीचा रंग चढतो, आणि नव्या गाडीला किक नाहीं असें कळतांच मनुष्य विक्रेत्याकडे अविश्वासानें पाहूं लागतो. कोठल्याही शहरांतील दुकानांत हें दृश्य दिसतें. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही नवी गाडी बघत नाही आहांत, जुनीचा फोटो शोधतां आहांत."

दुकानांत बुलेट होतीच. नांव तेंच, रंग तोच, टाकीवरील सोनेरी रेघाही त्याच. आंत मात्र सारें निराळें. एंजिन ३४९ घन सेंटिमीटरचें, व्यास ७२ मिलिमीटर, धांव ८५.८. हादरे मारण्यासाठीं आंत तोल सांभाळणारा एक वेगळा दांडा फिरतो, म्हणून आरसा थरथरत नाहीं आणि हाताला मुंग्या येत नाहींत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे धुराचे नियम लागू झाले. ते पाळावयाचे तर पेट्रोल मोजून फवारावें लागतें, म्हणून कार्ब्युरेटर गेला, आणि त्याच्याबरोबर टाकीखालील पेट्रोलची चावीही गेली. चालत्या गाडीचें पेट्रोल संपत आलें म्हणजे न पाहतां खालीं हात घालून चावी रिझर्व्हवर फिरविणारी एक सबंध पिढी आहे. तिच्या बोटांना आतां तेथें कांहींच सांपडत नाहीं. वजन १९५ किलो, जुन्या गाडीहून पंचवीस-तीस किलोंनीं अधिक. माणसाचें बळ उतरत असतांना त्याच नांवाची गाडी मात्र जड होत गेली, ही गंमत जाहिरातींत सांगितलेली नसते.

खरी गोष्ट घडली ती गाडी चालवून पाहतांना. दुकानापासून थोड्या अंतरावर एक सायकलवाला गल्लींतून एकदम आडवा आला. गृहस्थांनीं डावा पाय जोरानें खालीं दाबला. गाडी थांबली नाहीं. तिनें एक हिसका दिला, एंजिन ओरडलें, आणि सायकलवाला आपल्या चपळाईनें वांचला. परत येऊन गृहस्थ म्हणाले, ब्रेक नीट लागत नाहीं. विक्रेत्यानें ब्रेक तपासला. तो उत्तम होता. मुलगी स्वतः मोटारसायकल चालविणारी. तिच्या ध्यानांत आलें. ती म्हणाली, "बाबा, ब्रेक उजव्या पायाशी आहे."

१९८८ सालच्या बुलेटला गिअर उजव्या पायाशीं होता आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशीं. पहिला गिअर वर उचलावयाचा, पुढचे तीन खालीं दाबावयाचे. शिवाय टांचेनें दाबून एकदम न्यूट्रलमध्यें येण्याची एक वेगळी दांडी होती, तिचें कौतुक जुने लोक अजून करतात. चालू शतकाच्या पहिल्या दशकांत बुलेटनेंही इतर गाड्यांप्रमाणें गिअर डावीकडे नेला; आणि क्रमही उलटा, पहिला खालीं व बाकीचे वर. म्हणजे जुन्या गाडीवर जें दाबल्यानें चाक थांबे, त्याच जागीं नव्या गाडीवर दाबलें असतां खालचा गिअर पडतो. सावकाश चालतांना मनुष्य हें विचारानें सांभाळतो. संकटाच्या क्षणीं विचाराला अवसर नसतो. तेव्हां पाय आपलें जुनेंच काम करतो. ताशीं ६० किलोमीटरच्या वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर पुढें जाते. पाय चुकीच्या जागीं पडून पुन्हा बरोबर जागीं येईपर्यंतचा हा हिशेब आहे, आणि पुष्कळ वेळां समोरचें अंतर तितकें नसतें.

याला आणखी एक बाजू आहे, आणि ती अधिक महत्त्वाची. ब्रेक लागला म्हणजे गाडीचा भार पुढें झुकतो. पुढचें चाक रस्त्याला घट्ट धरतें, मागचें हलकें होतें. म्हणून थांबविण्याचें मोठें काम पुढच्या चाकाचें. परंतु जुन्या गाड्यांचा पुढचा ड्रम-ब्रेक इतका मंद असे कीं, बहुतेकांनीं तो हिशेबांतच धरला नाहीं. त्यांतून "पुढचा ब्रेक दाबशील तर तोंडावर पडशील" हा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. सबंध भरंवसा पायावर. नव्या गाडीच्या पुढच्या चाकाला डिस्क-ब्रेक असतो आणि चाक अडकूं न देणारी ए.बी.एस. ही योजना असते; १ एप्रिल २०१९ पासून १२५ घन सेंटिमीटरहून मोठ्या एंजिनाच्या सर्व नव्या मोटारसायकलींना ती सक्तीची झाली. हातानें जोरानें दाबलें तरी ती योजना दाब क्षणोक्षणीं सोडते आणि पुन्हा धरते, त्यामुळें सरळ जाणाऱ्या गाडीचें चाक घसरत नाहीं. गिअर इकडचा तिकडे झाला तरी पुढच्या ब्रेकची मूठ मात्र जेथल्या तेथें, उजव्या हातांतच राहिली आहे. सवय मोडावयाची ती पायाची, आणि लावावयाची ती या हाताची.

त्या प्रसंगानंतर घरांत दोन दिवस अबोला होता. मोटारसायकलच नको, साधी स्कूटर घ्यावी, असा पत्नीचा पक्ष; आणि त्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. मुलीनें मधला मार्ग काढला. त्याच कारखान्याची हंटर नांवाची गाडी आहे. एंजिन बुलेटचेंच, पण वजन १८१ किलो आणि बैठक ठेंगणी. गृहस्थांनीं ती "पोरांची" म्हणून झटकली होती. या वेळीं नीट पाहिली. गल्लींत वळविली तर सहज वळली. पण पत्नीनें मागें बसून पाहिलें आणि त्या उतरल्या त्या मान हलवीतच. "अहो, चालवणार तुम्ही, पण निम्मी गाडी माझी आहे. या एवढ्याशा जागेवर मी साताऱ्यापर्यंत बसायची नाही." बुलेटची लांब सलग बैठक त्यांना पसंत पडली. मागें बसणाऱ्याला विचारल्यावांचून मोटारसायकली विकत घेतल्या जातात, आणि मग ती मागची जागा रिकामीच राहते, हें किती घरांत घडलें असेल!

चारशे घन सेंटिमीटरच्या आसपासच्या कांहीं गाड्या चाकणच्या कारखान्यांत होतात, आणि शक्ति दुप्पट असूनही त्या बुलेटहून हलक्या आहेत. त्यांचा विचार मात्र फार वेळ झाला नाहीं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकींवर वस्तु व सेवा कर १८ टक्के झाला, आणि त्यावरील एंजिनांवर ४०. निवृत्त माणसाला एवढें पुरें होतें.

राहिला प्रश्न वजनाचा. इमारतींतील त्यांची गाडी लावण्याची जागा उताराच्या तळाशीं होती. तेथून १९५ किलोंची गाडी उलटी ढकलून वर काढणें त्या गुडघ्याला झेपणारें नव्हतें. तशाच एका उतारावर करून पाहिलें, आणि गाडी तसूभर हलली नाहीं. शेवटीं तोड निघाली ती दुकानांत नव्हे, इमारतींतच. वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांची स्कूटर फाटकाजवळच्या सपाट जागीं उभी असे. त्यांनीं आपली जागा बदलून दिली. नवी बुलेट तेथें आली.

ती रस्त्यावर येण्यापूर्वीं पंधरा दिवस रोज पहांटे एका रिकाम्या मैदानावर नेण्यांत आली. मुलगी मध्यें उभी राहून मनाला येईल तेव्हां हात वर करी, आणि गृहस्थांनीं ताशीं तीस किलोमीटरवरून गाडी थांबवावयाची. पहिल्या सकाळीं जवळजवळ प्रत्येक वेळीं डावा पाय खालीं गेला. आठवड्याच्या अखेरीस तो अडखळूं लागला. दुसऱ्या आठवड्यांत उजवा हात आधीं वळूं लागला. या दिवसांत जुन्या गाडीची किल्ली मुलीनें आपल्या कपाटांत ठेविली होती, आणि तें शहाणपणाचें होतें. आज ही व उद्यां ती अशा दोन्ही गाड्या आलटून पालटून चालविल्या तर पाय धड कोणतेंच शिकत नाहीं.

जुन्या बुलेटचें काय करावें, यावर बरेच दिवस बोलणें चाललें. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनीं करावयाचें नोंदणीचें नूतनीकरण २०२३ सालीं झालेलें होतें, तेव्हां कागदोपत्रीं ती २०२८ पर्यंत धडधाकट. नुसती उभी ठेवावी, हा पहिला विचार. पण हल्लींच्या पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील पाणी ओढून घेतें, जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाहीं, आणि न चालणाऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर त्यानें लवकर बिघडतो. उभी ठेवावयाची तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करूनच ठेवावी लागते. आणि अशा गाडीकडे रोज पाहणें गृहस्थांना जमेना. शेवटीं ती मिस्त्रीनेंच मागितली. तिच्या प्रत्येक नटाची त्याला ओळख होती, आणि उजवीकडचा गिअर त्याच्या पायांत अजून होता. पैसे किती घ्यावे यावर दोघेही संकोचले. नमुना २९ आणि ३० वर मात्र त्याच दिवशीं सह्या झाल्या, कारण परिवहन कार्यालयाच्या नोंदींत नांव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी जुन्या मालकाच्या माथीं राहते. मिस्त्रीनें डिकॉम्प्रेशनची दांडी दाबली, कांटा पाहिला, आणि पहिल्याच किकला गाडी चालू झाली. पत्नी स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, "आज लवकर निघालांत का हो?" गृहस्थ दिवाणखान्यांतच बसलेले होते.