आपलं कर्जाचं प्रगतिपुस्तक एकदा तपासून घ्या
(रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला सांगितलं, ‘तुम्ही बँकेत होतात, सगळ्यांच्या उपयोगाचं काहीतरी बोला.’ म्हणून आज क्रेडिट रिपोर्टवर बोलतो. आपण त्याला सरसकट ‘सिबिल’ म्हणतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी इथला फ्लॅट गृहकर्ज काढून घेतला. हप्ते फिटले, बँकेचं पत्र आलं, सोसायटीच्या दप्तरातला बोजा उतरला, पेढेही वाटले. आपल्या दृष्टीने विषय संपला. पण कर्ज फिटल्याची नोंद आणखी एका ठिकाणी व्हावी लागते. ती झाली की नाही, हे सहसा कोणी पाहत नाही. पुढे मुलगा घर घ्यायला निघतो, सहकर्जदार म्हणून वडिलांचा रिपोर्ट निघतो, आणि फिटलेलं कर्ज तिथे चालू किंवा थकीत दिसतं! बिल्डरला पैसे द्यायची तारीख तोंडावर आलेली असते. अशा वेळी धावपळ करण्यापेक्षा आधीच पाहिलेलं बरं.

आता हे चालतं कसं ते सांगतो. कर्जाची माहिती जमवणाऱ्या चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ सालच्या कायद्याखाली त्यांचं काम चालतं. बँका, फायनान्स कंपन्या आणि क्रेडिट कार्डवाले तुमच्या हप्त्यांची माहिती त्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यान स्कोअर निघतो. कर्ज द्यायचं की नाही हे बँक ठरवते, सिबिल नाही. आणि एक गैरसमज काढून टाका. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिला म्हणून स्कोअर कमी होत नाही.

प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. कंपन्या चार, महिने बारा. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला, तर वर्षभर लक्ष राहतं आणि खिशाला चाटही नाही. मात्र कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच मागवा. नातवंडांची मदत जरूर घ्या, पण फोनवर कोणा परक्याने ओटीपी मागितला तर देऊ नका.

रिपोर्ट हातात आला की नुसता स्कोअर पाहून ठेवून देऊ नका. चार गोष्टी पेन घेऊन तपासा.

पहिली, नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ता. सारख्या नावाच्या माणसाचं कर्ज आपल्या नावावर चढल्याची उदाहरणं असतात.

दुसरी, खात्यांची यादी. आपण न घेतलेलं कर्ज आहे का? फिटलेलं खातं ‘क्लोज्ड’ दिसतं का? मित्राला जामीन राहिला असाल तर तेही इथे दिसेल, आणि त्याने हप्ते थकवले तर झळ तुम्हालाही लागेल. गृहकर्जाच्या कागदावर सही केलेल्या भगिनींनी आपला रिपोर्ट वेगळा काढावा. सहकर्जदार म्हणून तो हिशेब त्यांच्याही नावावर असतो.

तिसरी, शेरा. ‘सेटल्ड’ म्हणजे कर्ज पूर्ण फिटलं असं नव्हे. बँकेने कमी रकमेवर तडजोड केली, असा त्याचा अर्थ. पुढची बँक तो शेरा बरोबर हेरते.

चौथी, चौकशांची यादी. आपण अर्जच केला नाही अशा बँकेने रिपोर्ट पाहिला असेल, तर आपल्या नावावर दुसरंच कोणी कर्ज मागत नाही ना, ते पाहा.

चूक सापडली तर? रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर देऊन त्या कंपनीकडे तक्रार नोंदवा. पण कंपनी आपल्या मनाने आकडा बदलू शकत नाही. ती बँकेला विचारते, आणि बँकेने होकार दिला की दुरुस्ती होते. म्हणून बँकेलाही त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, सोबत नो ड्यूज पत्र आणि खातेउतारा जोडा, पोच घ्या. काउंटरवर नुसतं तोंडी सांगून आलात, तर तुमच्या हातात पुरावा काहीच राहत नाही.

तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे. त्यातले २१ दिवस बँकेला असतात. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. एवढं करूनही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. हेल्पलाइनचा नंबर १४४४८. दुरुस्ती झाल्यावर बाकीच्या तीन कंपन्यांचे रिपोर्टही पाहून घ्या. एकीकडची चूक तिघींकडे असू शकते.

‘पैसे द्या, सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. नोंद चुकीची असेल तर ती फुकट दुरुस्त होते. आणि हप्ता खरंच थकला असेल, तर ती नोंद कोणी एजंट पुसू शकत नाही. तिथे थकबाकी भरणं आणि पुढचे हप्ते वेळेवर देणं, एवढाच उपाय.

शेवटी एक विनंती. जुन्या कर्जांची नो ड्यूज पत्रं रद्दीत टाकू नका. फ्लॅटच्या शेअर सर्टिफिकेटच्या फायलीतच ती लावून ठेवा आणि फाईल कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवा. कोणाला रिपोर्ट वाचताना अडलं, तर संध्याकाळी मी खाली बाकावर असतोच. चष्मा आणि रिपोर्ट घेऊन या.

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाच्या आपणा सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा.