‘रामदास’ आगबोट
आगबोटीची थोरवी आपण तिच्या वेगावरून व बैठकींवरून ठरवितों. स्वान हंटर कारखान्यानें १९३६ सालीं बांधलेली ‘रामदास’ मुंबई-कोंकणच्या उतारूंची बोट होती. १७ जुलै १९४७ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, ती सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. वाटेंत प्रचंड लाटेनें ती कलंडून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतें. पोहून किनारा गांठलेल्या उतारूंकडूनच मुंबईस दुपारीं वार्ता कळली. सकाळचा अपघात, दुपारची खबर! मधल्या तासांत किती जीव वांचविता आले असते? म्हणून बोटींत चढतांना बाकांआधीं जीवरक्षक पट्टे व संदेशयंत्र आहेत ना, हें विचारावें. उतारूंची पहिली सोय तीच.