एकदा आणलेलं पुन्हा काहून आणायचं?

(मंगरूळपीर येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि पंखे बंद असूनही बसून राहिलेल्या श्रोतेहो,

पत्रिकेत माझा विषय 'मुक्त संगणकप्रणाली आणि ग्रामीण भाग' असा छापलाय. तो संयोजकांचा विषय. माझा याहून लहान आहे. नेटवरून गावात एकदा उतरलेली फाइल पुसू नका, एवढंच सांगायला आलोय. लिनक्स म्हणजे काय आणि ते फुकट कसं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नसेल तर घरच्या पोराला विचारा.

उबंटू घ्या, डेबियन घ्या, नाहीतर आपल्या सी-डॅकची बॉस घ्या. तिन्हींमध्ये नवा प्रोग्राम 'ॲप्ट' आणून देतो. तो आणतो त्या पॅकेजची फाइल, शेवटी 'डॉट डेब' असलेली, 'वार'मधल्या 'कॅश'मध्ये, त्यातल्या 'ॲप्ट'मध्ये, त्यातल्या 'आर्काइव्ह्ज'मध्ये पडते. तिथून पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या संगणकाच्या त्याच फोल्डरात टाका. प्रणालीची आवृत्ती आणि पॅकेजांची यादी दोन्हीकडे एकच असली, की तो नेटकडे न जाता तीच फाइल वापरतो.

पण 2016 पासून एक गंमत झाली आहे. नुसतं 'ॲप्ट' लिहून प्रोग्राम बसवला, की काम झाल्यावर फाइल आपोआप पुसली जाते. जुनं 'ॲप्ट-गेट' लिहिलं तर राहते. हे ठरवणाऱ्यांच्या घरचं नेट दणकट असणार! (हशा) डिस्कवरची जागा वाचते, हे मान्य. पण जागा मी विकत आणू शकतो, नेटचा वेग कुठून आणू? 'कीप डाउनलोडेड पॅकेजेस' नावाची सेटिंग आहे, ती 'ट्रू' करून टाका.

2004 च्या सरकारी धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. त्या वेगानं 700 एमबीची सीडी उतरायला सहा तासांच्या वर लागत. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ नेट फुकट असे, म्हणजे बरोबर सहा तास. सीडी थोडक्यात हुकायची! (हशा) म्हणून उबंटूच्या फुकट सीडी टपालानं मागवत. 2011 मध्ये तीही सोय बंद झाली.

मागून कुणी म्हणालं, "सर, आता फाइव्ह जी आहे." आहे ना बापा! पण शाळेच्या लॅबमध्ये वीस संगणक असतील आणि नेट एका गुरुजींच्या मोबाइलचं, तर? प्रत्येकाला 300 एमबीचं अपडेट म्हणजे सहा जीबी. दिवसाचा दोन जीबीचा पॅक मधल्या सुटीआधीच संपला. आणि सामान एकच, वीसदा आणलेलं. मी जुन्याला कवटाळून बसलेला माणूस नाही, एवढं कृपा करून लिहून घ्या.

सोयाबीनवाले किती आहेत इथे? बघा, अर्धं सभागृह. मग एकदा आणलेलं जपून ठेवायचं, हे तुम्हाला मी काय सांगणार! कापसाचं संकरित बियाणं दरसाल विकत घ्यावं लागतं. सोयाबीन सरळ वाण, घरचं बियाणं तीन वर्षं चालतं. 2020 च्या खरिपात विकतचं उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, लोकांनी दुबार पेरणी केली. पण घरचं तरी डोळे मिटून पेरता का? ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचे, सत्तर उगवले तर पेरायचं. पोती आपटायची नाहीत, साल नाजूक असते. थप्पी सात पोत्यांच्या वर लावायची नाही... काका म्हणतात पाचच. बरं, पाच. नाही, मळणीयंत्राच्या फेऱ्यांवर मी बोलणार नाही, ते वेगळं व्याख्यान होईल. (हशा)

कुठे होतो? हां, गोणपाट. पॅकेजचीही अशी उगवण तपासणी असते. डेबियनच्या यादीवर डिजिटल सही असते आणि यादीत प्रत्येक फाइलचा ठसा. नेटवरून येणाऱ्या फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ॲप्ट ती नाकारतो. हातानं फोल्डरात टाकलेल्या फाइलची झडती तितकी कडक नसते, म्हणून ती ओळखीच्याच संगणकावरून घ्या. लॅबसाठी त्याहून बरं म्हणजे 'ॲप्ट-कॅशर-एनजी'. एका संगणकावर बसवा, बाकी एकोणीस त्याच्याकडे मागतील. पहिल्यानं मागितलं की नेटवरून येतं, पुढच्यांना गावातूनच मिळतं, आणि ठशाची तपासणी प्रत्येकाकडे होतेच. त्याचा पोर्ट 3142. गणिताच्या गुरुजींनी पाय ओळखला असेल.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'बद्दल एवढंच सांगतो, की लिनक्सचे मराठी धडे तिथे आहेत आणि ते नेटशिवायही चालतात. एकदाच उतरवा.

ज्या संगणकाला नेटच नाही, त्याच्यासाठी 'ॲप्ट-ऑफलाइन'. रितेश राज सराफ या आपल्याच देशातल्या डेबियन विकासकानं ते लिहिलंय. काय हवं त्याची यादी पेन ड्राइव्हवर घ्यायची, वाशीमला नेट असेल तिथे सामान उतरवायचं आणि परत येऊन बसवायचं.

"जुनं वापरून व्हायरस येईल" अशीही चिठ्ठी आहे. सुरक्षेची दुरुस्ती आली की ती आणायचीच, तिथे कंजुषी नको. पण ती एकाच संगणकानं आणावी.

दोन मिनिटं मागितली होती, एकच मिळाली. 'क्लीन' हा आदेश देऊ नका, सगळा साठा जातो. 'ऑटोक्लीन' चालेल, ते नेटवर आता मिळत नसलेल्या जुन्या फाइलीच काढतं. उरलेले प्रश्न बाहेर चहाशी घेतो. सोयाबीनचे मात्र काकांना विचारा.