टपालाने येणारी सही

अमेरिकेत बेसबॉलच्या निवृत्त खेळाडूंना पत्र पाठवून त्यांच्या सह्या जमवण्याचा छंद कित्येक दशके चालत आला आहे. संग्राहक पाकिटात खेळाडूचे छापील कार्ड, हाताने लिहिलेले पत्र आणि स्वतःचा पत्ता घालून तिकीट लावलेले परतीचे पाकीट ठेवतो. खेळाडूने सही करायची आणि पाकीट टपालपेटीत टाकायचे. त्याला खर्च काहीच पडत नाही. 2007 पासून अमेरिकेत दर वाढले तरी चालणारी ‘फॉरएव्हर’ तिकिटे मिळतात, त्यामुळे दोनतीन वर्षांनी आलेले उत्तरही अडत नाही. भारतातून लिहिणाऱ्याला मात्र परतीच्या पाकिटावर अमेरिकन तिकिटेच लावावी लागतात.

हा छंद फोफावला तो कार्डांमुळे. टॉप्स कंपनीचा 1952 चा संच 407 कार्डांचा होता, 1980 च्या दशकात तो 792 पर्यंत गेला. एवढ्या संख्येत नामवंतांबरोबर राखीव खेळाडूंचीही छायाचित्रे छापली गेली. पत्त्यांची अडचण आयोवा राज्यातील जॅक स्मॉलिंग यांनी सोडवली. त्यांच्या पत्त्यांच्या पुस्तकात खेळाडू पदार्पणाच्या वर्षानुसार लावलेले असत आणि नव्या आवृत्तीत पत्ते सुधारले जात.

सर्वांत मोलाचे असते ते पत्र. ‘मी तुमचा मोठा चाहता आहे’ एवढ्यावर भागत नाही. एखाद्या विशिष्ट सामन्याविषयी विचारले, तर म्हातारा खेळाडू कधी सहीबरोबर दोन ओळीही लिहितो. गुळगुळीत कार्डावर शाई नीट बसावी म्हणून त्यावर आधी टाल्कम पावडर हलकेच चोळतात.

1956 साली निवृत्त झालेले बॉब फेलर यांनी 2010 मध्ये निधन होईपर्यंत अगणित सह्या दिल्या. 573 होमरन काढणारे हार्मन किलब्रू तरुण खेळाडूंना बजावत, की सही वाचता आली पाहिजे. ज्याने ती मागितली त्याचा तो मान आहे. पण या छंदाचा खरा आधार एकदोन मोसम खेळून विस्मरणात गेलेले खेळाडूच आहेत. त्यांना येणारी पत्रे थोडी, म्हणून उत्तराची शक्यता जास्त.

काही जण सहीसाठी पाचदहा डॉलर मागतात. काही ती रक्कम धर्मादाय संस्थेला देतात, काहींना स्वतःलाच तिची गरज असते. 1980 पूर्वी निवृत्तिवेतनासाठी सुमारे चार वर्षांची सेवा लागे. 1980 मध्ये ही अट 43 दिवसांवर आली, पण ती सवलत आधीच निवृत्त झालेल्यांना मिळाली नाही. 2011 मध्ये त्यांच्यासाठी वर्षाला जास्तीत जास्त 10,000 डॉलरची तरतूद झाली. अशा माणसाने पाच डॉलर मागितले, तर ते आनंदाने द्यावेत.

टपालाने आलेली सही होताना कोणी पाहिलेली नसते, त्यामुळे ती खरी आहे का हा प्रश्न राहतोच. रबरी शिक्के, सही करणारी यंत्रे, घरची माणसे, सगळेच खेळाडूच्या नावाने उत्तर देत आले आहेत. बेब रूथच्या अखेरच्या आजारपणात कित्येक चाहत्यांना गेलेल्या सह्या त्याच्या परिचारिकेच्या हातच्या होत्या. बाजारातल्या बनावट सह्यांचे प्रमाण तर इतके वाढले, की एफबीआयला ‘ऑपरेशन बुलपेन’ ही मोहीम काढावी लागली. तिची माहिती 2000 साली जाहीर झाली. म्हणून जाणते संग्राहक आलेली सही त्या खेळाडूच्या जुन्या, खात्रीच्या सह्यांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहतात आणि टपालखात्याचा शिक्का असलेले पाकीटही जपून ठेवतात.