मोजणी ज्याची त्यानं करावी

 आमच्या शहराचं नाव कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं, तरी माझ्या पिढीच्या तोंडी अजून नगर येतं. ते आपुलकीनं घ्या.

परिषदेला येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही आमच्या भुईकोट किल्ल्याविषयी सांगतोच. मी आज वेगळ्या कारणासाठी सांगतो. ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरूंना इथे कैदेत आणून ठेवलं. त्याच वर्षी २ डिसेंबरला, ते या तटाच्या आत असताना, तिकडे शिकागोत एन्रिको फर्मींच्या अणुभट्टीची शेवटची नियंत्रक कांडी जॉर्ज वाइल या तरुण शास्त्रज्ञानं हातानं थोडी थोडी बाहेर ओढली आणि माणसानं घडवलेली पहिली साखळी अभिक्रिया सुरू झाली. मार्च १९४४ मध्ये होमी भाभांनी टाटा न्यासाला पत्र लिहून संशोधनसंस्था मागितली, तेव्हाही नेहरू याच किल्ल्यात होते. पुढे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्ब्याला भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिच्या पाण्यातला निळा प्रकाश पाहून तिला ‘अप्सरा’ हे नाव दिलं ते नेहरूंनीच.

अप्सरेचं इंधन ब्रिटनमधून आलं होतं. पण भट्टी उभारली आपल्या अभियंत्यांनी, आणि नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ए. एस. राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच तयार केली. ट्रॉम्ब्याची प्रशिक्षण शाळा सुरू झाली १९५७ साली. म्हणजे भट्टी आधी पेटली, वर्ग नंतर भरला. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

आपल्या महाविद्यालयांत वर्ग आधी भरतो आणि हाताला काम यायच्या आत वर्ष संपतं. मी पदार्थविज्ञान शिकवत असे तेव्हा आमच्याकडे एकच गायगर काउंटर होता. नळी नाजूक, व्होल्टेज जास्त झालं तर ती जाईल, या भीतीनं बटणं मी फिरवायचो आणि मुलं आकडे उतरवून घ्यायची. मुलं पास झाली, पण त्यांतल्या एकानंही मोजणी केलेली नव्हती. त्याची बोच मला आजही आहे.

एका वर्षी एका मुलीनं घरच्या पेट्रोमॅक्सची कोरी जाळी आणली, पिशवीतून न काढलेली. या जाळ्यांत थोरियम वापरत असत. पिशवी नळीजवळ धरताच काउंटर कडकडू लागला, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा बाजूला झालो. तिनं दहा वेळा मोजलं, दहा वेगळे आकडे आले. आपलंच काही चुकलं असं वाटून ती खोडरबर शोधू लागली. मी तिला थांबवलं. अणू कधी फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून आकडा हलतो. शंभर मोजले तर दहाचा फरक धरायचा, दहा हजार मोजले तर शंभराचा. जास्त वेळ बसून मोजलं की दहा टक्क्यांची अनिश्चितता एक टक्क्यावर येते. हे मी फळ्यावर कितीदा तरी लिहिलं होतं. तिला ते त्या तासाला कळलं. जुन्या जर्नलातून उतरवलेले आकडे या प्रयोगात लगेच उघडे पडतात, कारण ते नको इतके सरळ रेषेत बसतात.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या विद्यापीठानं १९५३ मध्येच स्वतःची अणुभट्टी सुरू केली. पोर्टलंडच्या रीड कॉलेजमध्ये पदवीचे विद्यार्थी परवाना घेऊन अणुभट्टी चालवतात. आपल्याकडे एकाही विद्यापीठाजवळ अणुभट्टी नाही. ती लगेच मिळावी असा माझा हट्ट नाही. पण पुणे विद्यापीठात मायक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनना वेग देणारं यंत्र, आहे. नगरच्या मुलांना तिथे पाहुणे म्हणून फेरी मारण्याऐवजी आठवडाभर काम का करता येऊ नये? नैसर्गिक युरेनियम आणि पाणी वापरून, साखळी कधीच स्वबळावर चालणार नाही अशी शैक्षणिक मांडणी, जिला सबक्रिटिकल असेंब्ली म्हणतात, ती विभागात एका ठिकाणी तरी हवी.

यात जोखीम आहे, आणि ती मी लपवणार नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत एका विद्यापीठाचं वापराबाहेर गेलेलं कोबाल्ट-६० चं उपकरण भंगारात गेलं. एक माणूस दगावला, कित्येक आजारी पडले. उपकरण कपाटात पडून राहिलं, त्याची ओळख असलेली माणसं उरली नाहीत, की असं घडतं. म्हणून स्रोताची नोंदवही ठेवणं, डोसिमीटर लावणं, अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम पाळणं, हेही मुलांच्याच हातून व्हायला हवं.

दुपारच्या सत्रासाठी मागच्या प्रयोगशाळेत आठ टेबलं मांडली आहेत. प्रत्येकावर एक काउंटर आणि जाळीची एक बंद पिशवी आहे. बटणं विद्यार्थीच फिरवतील. प्राध्यापकांनी कृपया एक पाऊल मागे उभं राहावं. त्याआधी जेवण आहे, बाजरीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. प्रयोगशाळेत खाऊ-पिऊ नये आणि बाहेर पडताना हात धुवावेत, एवढी विनंती करतो आणि उद्घाटकांना दीपप्रज्वलनासाठी पाचारण करतो.