आज्ञावलीचा ताळा
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



अंकगणिताच्या पुस्तकाच्या अखेरीस उत्तरे छापलेली असतात. मुलाने गणित सोडविण्यापूर्वीच ती ठरलेली असतात, म्हणूनच त्यांच्याशी ताडून पाहण्यास अर्थ असतो. संगणकाची आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिणारेही हीच रीत पाळतात. कोणत्या प्रश्नास कोणते उत्तर यावयास हवे, ही अपेक्षा ते आधी लिहून ठेवतात आणि आलेले उत्तर तिच्याशी ताडण्याचे काम यंत्रावरच सोपवितात.

यासाठी मोठी सामग्री लागत नाही. १९९७ मध्ये केंट बेक व एरिक गामा या दोघांनी झ्युरिकहून अटलांटास जाताना, विमानप्रवासातच, जावा भाषेसाठी ‘जेयुनिट’ या लहानशा चाचणी-साधनाचा आरंभ केला. त्यातील पट्टी सर्व अपेक्षा पुऱ्या झाल्या की हिरवी दिसे. एकही चुकली की तांबडी. पायथन भाषेत तर अपेक्षा लिहिण्यास ‘असर्ट’ हा एकच शब्द पुरतो. अपेक्षा फसली की काम तेथेच थांबते व फसलेली ओळ दाखविली जाते.

लीप वर्षाचे उदाहरण घेऊ. ‘चारने भाग जाईल ते लीप वर्ष’ एवढाच नियम लिहिला, तर २०२३ व २०२४ यांची उत्तरे बरोबर येतात आणि लिहिणारा निर्धास्त होतो. परंतु शतकवर्षास ४०० ने भाग जावा लागतो. १९०० हे वर्ष यादीत असेल तरच चूक उघडकीस येते. ती दुरुस्त करताना सगळीच शतकवर्षे वगळली, तर १९०० सुधारते, पण २००० बिघडते. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर संपूर्ण यादी पुन्हा तपासावयाची असते.

एका वर्षाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. १९८३ मध्ये आलेल्या ‘लोटस १-२-३’ या हिशेबाच्या आज्ञावलीत १९०० हे लीप वर्ष धरलेले होते. पुढे जुन्या पत्रकांशी मेळ राहावा म्हणून ‘एक्सेल’ने तीच चूक जाणूनबुजून स्वीकारली. २९ फेब्रुवारी १९००, ही कधीच न उजाडलेली तारीख तीत आजही सापडते. वेळीच न सुधारलेली चूक अशी वहिवाट होऊन बसते.

मात्र हिरवी पट्टी म्हणजे निर्दोषपणाचा दाखला नव्हे. जे विचारले गेले तेवढे बरोबर आले, इतकाच तिचा अर्थ. अपेक्षाच चुकीची लिहिली, तर यंत्र चुकीलाच बरोबर म्हणेल. नेमके काय विचारावे, हे ठरविणे माणसाचेच काम आहे आणि मूल कोठे अडखळते हे जाणणाऱ्या शिक्षकास ते परके नाही.

शाळेत संगणक नसला तरी हा पाठ घेता येतो. एका मुलाने यंत्र व्हावे व चिठ्ठीवरील नियमच तंतोतंत पाळावा. इतरांनी वर्षे व उत्तरे फळ्यावर आधी लिहून मग त्यास विचारावे. उत्तर चुकल्यास मुलास न हसता चिठ्ठीतील नियम सुधारावा. चूक लपविण्याऐवजी ती शोधण्याची गोडी मुलांस लागली, तर पाठ सफल झाला असे समजावे.